खणाखणी

आमच्या घराण्यात तलवार नव्हती. तलवारीचा आवाज तेवढा होता. तो आवाज म्हणजे 'खणाखणी' हा एक शब्द.

माझे आजोबा पलटणीत जमादार होते. जर्मनच्या पहिल्या लढाईत ते बसऱ्याकडं गेले आणि तिकडंच राहिले. लढाई आटोपल्यावर चंदगडच्या बाजूचा एक शिपाई त्यांचं कांबळं आणि तांब्या घेऊन कोल्हापुरात आमच्या दारात आला. आजी दाराआड उभी. तिच्या मागं दहा-अकरा वर्षांची माझी आत्या, आणि आत्याचा हात धरून माझे वडील. शिपाई म्हणाला, "जमादारसाहेब खणाखणीत गेलं." पुढं त्याला बोलता येईना. कांबळं उंबऱ्यावर ठेवून, पाणीसुद्धा न पिता तो निघून गेला.

एवढ्या एका शब्दावर आमच्या घरानं पस्तीस-छत्तीस वर्षं काढली. खणाखणीत गेले म्हणजे तलवारी भिडल्या असणार. तलवारी भिडल्या म्हणजे समोर तुर्क असणार. एकटा तुर्क कसा येईल, दहा-बारा तरी असणारच. मी पाचवीत गेलो तोवर ते चाळीस झाले होते, आणि त्यातले निम्मे मीच भरती केले होते.

पितृपंधरवड्यात प्रत्येकाला आपापल्या तिथीला जेवू घालतात. पण जो शस्त्रानं गेला, त्याचा मान चौदशीला. आमच्या पेठेत चौदस घालणारं घर आमचं एकच. त्या दिवशी आत्या पहाटे उठून दोन्ही म्हशी पिळायची, दूध घालून यायची, मग नऊवारी बदलून अंगणात अशी उभी राहायची की जणू पलटणच तपासायला आलीय. नवऱ्यानं तिला टाकलं की तिनं नवऱ्याला, यावर पेठेत दोन मतं होती. पण चौदशीच्या दिवशी तिच्यासमोर ती बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. माझे वडील कचेरीत कारकून. साहेबाला भीत नसत इतके ते आपल्या थोरल्या बहिणीला भीत.

माझी गोष्ट वेगळी. मी कॉलेजात गेलो, आणि पहिल्याच महिन्यात ऐटीत सांगून बसलो की आमचे आजोबा जमादार होते. सगळा बाक हसला. म्युनिसिपालटीत जमादार म्हणजे झाडूवाल्यांवरचा मुकादम. पलटणीतला जमादार हा हुद्देदार असतो, त्याच्या खांद्यावर तारा असतो, शिपाई त्याला सलाम ठोकतात, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. पण जितकं सांगावं तितके ते जास्त हसले. तेव्हा मी आजोबांना सुभेदार केलं. दिवाळीला कॅप्टन केलं. वार्षिक परीक्षेच्या आत ते मेजर झाले. मरणानंतर इतक्या भराभर बढत्या मिळालेला अधिकारी हिंदुस्थानच्या फौजेत दुसरा नसावा.

आता मुद्द्यावर येतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीत आम्ही सगळे हातकणंगल्याला चुलत्याकडं जेवायला गेलो होतो. हा वडिलांचा चुलतभाऊ, भावकीत वडीलधारा. पंधरा एकर बागाईत आणि जीभ त्याहून लांब. दुसऱ्या लढाईत पलटणीच्या कोठारावर धान्य मोजायला होता, त्यामुळं लढाईविषयी शेवटचा शब्द आपलाच असं तो धरून चाले. वाढता वाढता कुणीतरी आमच्या चौदशीचा विषय काढला. चुलता मोदक फोडत म्हणाला,

"बसऱ्याला गेल्याली निम्मी फौज हगवणीनं मेली. आमच्या कोठारातलं जुनं लोक सांगायचं. सगळी मेली हगवणीनं, आन् आमचा चुलता तेवढा तलवारीनं? व्हय अक्का?"

आत्यानं घास खाली ठेवला. "काय म्हनालास?"

"पुरावा हाय का, एवढंच म्हनलो. नुसत्या खणाखणीवर चौदस घालताय."

पानात मोदक तसाच ठेवून आत्या उठली, हात धुतले आणि चालत स्टेशनावर गेली. आम्ही मागं. मी घाईत एक मोदक खिशात घातला होता. गाडीत गर्दीत तो फुटला आणि मिरजेकडून येणाऱ्या एका पावण्याच्या धोतराला चिकटला. त्यावरून झालेलं भांडण मी इथं सांगत नाही. आत्यानं त्या भांडणातही लक्ष घातलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

घरी आल्यावर कळलं की चुलता एवढ्यावर थांबलेला नाही. आमचे आणि त्याचे गुरुजी एकच. त्यांच्या कानावर त्यानं आधीच घातलं होतं. गुरुजी दुसऱ्या दिवशी आले, ओट्यावर बसले, उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "अक्का, रागावू नका. पण शास्त्रच तसं आहे. जो शस्त्रानं गेला नाही त्याचं चौदशीला घालू नये. शंका आली म्हटल्यावर मला हात लावता येणार नाही. सर्वपित्रीला घाला, त्यात सगळे येतात."

"सगळ्यांत?" आत्या म्हणाली. "बापाला माझ्या गर्दीत बशीवता?"

गुरुजी गेले. आत्या बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग कुणाकडं न बघता म्हणाली, "थडगं न्हाय. राख न्हाय. कवा गेला ती तिथी न्हाय. त्याचं तोंडबी मला धड आठवत न्हाय. बापाचं म्हनून एवढी चौदस हाय माझ्याकडं. ती मी सोडनार न्हाय."

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी छाती पुढं काढून केल्या आहेत. तेव्हाही तेच केलं. म्हटलं, "आत्या, पुरावा मी आणतो."

वडील पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "हा कुठनं आननार? ह्यानं मागच्या महिन्यात स्वतःची सायकल स्वतः हरवली आन् स्वतःच चोराची तक्रार केली."

सायकल तालमीच्या मागं सापडली होती, मीच लावलेली. पण तो मुद्दा नव्हे.

आधी मी देव्हारा गाठला. लढाईनंतर सरकारकडून घरी आलेली एक काशाची चकती तिथं होती, ताटलीएवढी. तिच्यावर एक बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. ती आली तेव्हा आजीनं बघितलं आणि म्हणाली, अंबाबाईच आली घरी. तेव्हापासून रोज हळदकुंकू. मी चकती घासून पुसून काठावरची इंग्रजी अक्षरं वाचली. आजोबांचं नाव होतं. हुद्दा नव्हता. कसे गेले तेही नव्हतं. निराश होऊन, पण विद्या दाखवायची खोड म्हणून, मी आत्याला सांगितलं, "ही अंबाबाई नाही बरं का. ही इंग्रजांची ब्रिटानिया."

"इंग्रज गेलं न्हवं?"

"गेले."

"जाताना हिला न्हेली का?"

"नाही."

"मग आमचीच," म्हणत आत्यानं चकती माझ्या हातातनं काढून घेतली आणि पुन्हा कुंकू लावलं.

राहता राहिला तो शिपाई. त्याचं नाव आत्याला माहीत नव्हतं, पण गाव पाठ होतं. आजीनं मरेपर्यंत ते गाव घोकलं होतं. प्रतिपदेला मी निघालो. निघताना आत्या म्हणाली, "भाकरी बांधून दिलीया. खरं काय ते ऐकून ये. मी हितं वाट बघतो." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, आणि आत्या म्हणायची तेव्हा ते 'गेलो' पुरुषाच्या 'गेलो'पेक्षा दणकट वाटायचं.

चंदगडचा पाऊस भाद्रपदात थांबतो, असं मला कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाला मी अजून शोधतोय. एसटीतून उतरलो तो थेट गुडघाभर पाण्यात. पायात नवे बूट होते, कारण मेजरसाहेबांचा नातू चपला घालून कसा जाणार? पहिल्याच बांधावर उजवा बूट चिखलात राहिला. तो काढायला वाकलो तर छत्री भाताच्या खाचरात उडाली. छत्रीमागं धावलो तर डावा बूट गेला. अशा रीतीनं मी मेजरपणातून शिपाईपणात येत येत त्या गावात पोचलो.

म्हातारा सापडला. सापडला म्हणजे गावात कुणालाही विचारलं असतं तरी सापडला असता. 'हवालदार' म्हणून सगळे त्याला ओळखत. साठी ओलांडलेली, ताठ बसलेला, मागं काजूची झाडं, पुढं पेटलेली शेगडी. कानानं जरा कमी.

"या पावणं. बसा की. बूट कुठं सोडलासा?"

"वाटेत," म्हटलं.

"ग्वाड मानूस दिसतंय," तो सुनेकडं बघून म्हणाला. "पायात घालायचं त्ये वाटंत सोडून आलंय."

मी नाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. म्हातारा शेगडीतले निखारे हलवत होता, तो थांबला. मी जवळ सरकून मोठ्यानं विचारलं, "आजोबा शस्त्रानं गेले ना?"

"शास्त्रानं? न्हाय की. शास्त्रात बसत न्हवतं त्येच त्येनी केलं."

"शास्त्र नव्हे. शस्त्र! शस्त्र!"

"त्येच म्हनतोय न्हवं. शास्त्र त्येनी मोडलं, म्हनून गेलं."

मी शस्त्र विचारत होतो, म्हातारा शास्त्र सांगत होता. सूनबाई पदर तोंडाला लावून आत गेली. शेवटी मी खुणा केल्या. हातात तलवार धरल्यासारखं करून हवेत दोन वार काढले. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तलवार? तलवार कुठली बाबा. फावडं हुतं."

आणि मग त्यानं सांगितलं. तो भरभर बोलत नव्हता, आणि मी मध्ये बोलायचं बंद केलं होतं.

नदीकाठी तळ होता. ऊन असं की बंदुकीच्या नळीला हात लावला तर फोड यायचा. गोळी लागून मरणारे थोडे, पोटानं मरणारे फार. रोज सकाळी तंबूतून कुणाला तरी उचलायचे. जमादारसाहेबांनी त्यावर एकच ध्यास घेतला होता. पाणी उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. संडासाचे चर खोल खणायचे, वर माती टाकायची, भरले की लांब नवे खणायचे. बाकीच्या कंपन्यांतले लोक हसायचे, तुमचा जमादार कुठला, पलटणीतला का म्युनिसिपालटीतला? हे ऐकताना माझे कान तापले. कारण तोच विनोद मी जवळजवळ चाळीस वर्षांनी कॉलेजात ऐकला होता आणि त्यावर उपाय म्हणून आजोबांना मेजर केलं होतं. त्यांनी स्वतः काय उपाय केला? म्हातारा म्हणाला, "हसायला दम हाय न्हवं त्येंच्यात, मग खणायलाबी आसंल, आसं म्हनायचं आन् फावडं फुडं करायचं."

मग नागपंचमी आली. त्या दिवशी आपल्याकडं जमीन उकरत नाहीत, नांगर धरत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत. हे सांगायला नको. शिपायांनी एका फळीवर हळदीनं नाग काढला, लाह्या नव्हत्या म्हणून फुटाणे वाहिले. आणि नेमके त्याच दिवशी चर तुडुंब भरले. नवे खणायचा हुकूम झाला. एकही जण उठला नाही.

"आमी म्हनलो, साहेब, आज पंचमी. आज भुईला हात लावत न्हाईत. उद्या खणू. ते म्हनलं, उद्यापत्तूर किती जनांस्नी उचलायचं? तरी कोन उठंना. तसं ते म्हनलं, बरं, पाप माझ्या डोक्यावर. आन् सदरा काढला. दोन दिस झालं त्येंचंबी पोट गेल्यालं हुतं, उभं ऱ्हायला येत न्हवतं. तरीबी खणायला लागलं. एकलं."

म्हाताऱ्यानं शेगडी जरा पुढं ओढली.

"आमी तंबूच्या सावलीला बसून बगत हुतो. घरातलं मानूस खणतंय आन् आपुन बगतोय, तसं. लई येळानं मी उठलो, फावडं घ्याया गेलो. ते म्हनलं, तू जुन्या चरावर माती टाक. माती टाकायला पंचमी आडवी येत न्हाय न्हवं? आन् हसलं. माती टाकून झाली. नवा चर झाला. मग तितंच काठाला टेकलं. दुसऱ्या दिशी, षष्टीला, उन्हं वर यायच्या आत गेलं."

मी विचारलं, "तुम्ही आमच्या दारात येऊन म्हणालात, खणाखणीत गेले."

"मग? खणाखणीतच गेलं न्हवं? त्या खणाखणीनंच त्येंचा जीव गेला. फुडं सांगनार हुतो, तर तुमची आजी रडायला लागली. आन् दारात बाईमानसाला संडासाचं कसं सांगू? आमची लोकं म्हनायची, नागाचा कोप झाला. मी म्हनलो न्हाय कवा. त्या चरानं आमच्या कंपनीतली मानसं वाचली, हे मी माझ्या डोळ्यानं बगितलंय."

परतीच्या एसटीत मी अनवाणी बसलो होतो आणि डोक्यात लढाई रचत होतो. चंदगडपासून गडहिंग्लजपर्यंत चांगली बारा-पंधरा तुर्कांची फळी तयार झाली. कागलला पोचेपर्यंत आजोबांना दोन जखमा झाल्या होत्या, एक खांद्यावर, एक मांडीवर. मला आत्याचा चेहरा दिसत होता आणि म्हशीच्या पाठीवरचा तिचा हात दिसत होता. खोटं बोलायचं मी पक्कं ठरवलं होतं.

घरात पाऊल टाकलं. वडील आणि आत्या दोघंही बसली होती. आत्यानं माझ्या पायांकडं बघितलं, बुटांची चौकशी केली नाही. "बोल."

"आत्या, लढाई झाली. सकाळची वेळ. तुर्क चाल करून आले."

"किती?"

"पंधरा."

"तू तर चाळीस सांगायचास."

"पंचवीस मागं होते," मी म्हणालो.

"मागं कुठं?"

"डोंगराच्या."

"बसऱ्याला डोंगर हाय?" वडिलांनी विचारलं. भूगोल त्यांचा पक्का होता.

मी घाम पुसला. आत्या म्हणाली, "खरं काय ते ऐकून ये म्हनलो हुतो. ऐकलंस न्हवं? मग त्येच सांग. मी काय कच्चं मडकं हाय व्हय?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. फावडं, चर, पंचमी, तंबूच्या सावलीतली माणसं. हगवण हा शब्द मी दोनदा गिळला, आत्यानं दोन्ही वेळा "काय?" म्हणून तो बाहेर काढायला लावला.

सांगून झालं. धारेची वेळ झाली होती. आत्या उठली, चरवी घेतली, गोठ्यात गेली. आम्ही दोघं तिथंच. आतून दुधाची धार चरवीत पडल्याचा आवाज येत होता. एकदाही तुटला नाही. वडील हळूच म्हणाले, "सर्वपित्रीला घालू. कुनाला काय सांगायची गरज न्हाय. चंदगडात म्हातारा भेटलाच न्हाय म्हनायचं. पेठेत लोक हसतील रे. आख्खा जन्म मी वीराचा मुलगा म्हनून हिंडलोय."

आत्या चरवी घेऊन बाहेर आली. "कवा गेलं म्हनालास?"

"षष्ठीला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजी तिथी हाय."

"आहे."

"आन् आज तीज. षष्टी परवा न्हवं, तेरवा." तिनं चरवी खाली ठेवली. "तेरवा जेवन. त्येंच्या स्वतःच्या तिथीला."

वडील म्हणाले, "अक्का, जरा दमानं—"

"छत्तीस वरसं दम धरलाय. आनी किती धरू? आन् हसनाऱ्यांचं काय सांगतोस? त्येंच्यावर तितंच लोकं हसत हुती, म्हनून त्येनी फावडं टाकलं का?"

वडील उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि भाजी आणायला निघाले. षष्ठीला अजून तीन दिवस होते, पण कुणी त्यांना ते सांगितलं नाही.

गुरुजींकडं आत्या स्वतः गेली. मी मागं, जुन्या चपला घालून. गुरुजींनी सगळं ऐकलं, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांना वाट सापडली. "अक्का, चौदस जात नाही. सर्पामुळं आलेला मृत्यूसुद्धा चौदशीलाच येतो. पंचमीला भूमी खणली, नागाचा कोप झाला. म्हणजे सर्पच. मी निःशंक घालतो."

मला हे फारच आवडलं. चौदस राहते, हगवण जाते, आणि चुलत्याच्या तोंडाला कुलूप. मी म्हणालो, "आत्या, हे झकास आहे!"

"तू गप." मग गुरुजींकडं वळून म्हणाली, "गुरुजी, मी जन्मभर पंचमी पाळली. ह्याफुडंबी पाळीन. पर नागाला डोळं हाईत न्हवं? कोन कशापायी खणतंय ते त्याला दिसत न्हाय व्हय? मानसं जगावीत म्हनून खणनाऱ्यावर त्यो कोपला आसंल, तर मग त्यो द्येव कसला? माझ्या बापाला नागानं मारलं आसं मी माझ्या तोंडानं म्हननार न्हाय. चौदस जाऊदे. षष्टीला या."

गुरुजी म्हणाले, "षष्ठीला मला तीन घरं आहेत."

"चौथं आमचं," आत्या म्हणाली आणि उठली.

चुलत्याला निरोप द्यायला मला हातकणंगल्याला धाडलं. निरोप पाठ करून घेतला होता: 'तू म्हनालास ते खरं हाय. षष्टीला जेवायला ये.' मी पोचलो तेव्हा चुलता उसाला पाणी पाजत होता. ऐकून त्यानं पाट तसाच सोडला. "अक्का आसं म्हनली? माझ्यावर चिडून म्हनली का सरळ?"

"सरळ."

"मग आनीच भ्या वाटतंय," तो म्हणाला.

पण आला. षष्ठीला आला, धुतलेलं धोतर नेसून, काखेत केळीची पानं घेऊन. आत्यानं त्याला सोप्यात वडिलांच्या शेजारी बसवलं. शेजारपाजारची चार माणसं होती. ती चौदशीला येणारीच. यंदा आठ दिवस आधी का, म्हणून एकमेकांकडं बघत होती. आत्यानं गुरुजींना सुरू करा म्हणून सांगायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं. मी चंदगडहून आणलेलं तिनं माझ्यापेक्षा निम्म्या शब्दांत सांगितलं, आणि त्यात एकही तुर्क नव्हता. संडासाचा चर म्हणाली, हगवण म्हणाली. आवाज खाली आणला नाही. शेजारची एक म्हातारी "शिव शिव" म्हणाली, तशी आत्या म्हणाली, "तुमचा ल्योक त्या तळावर आसता, तर शिव शिव म्हनला आसतासा का?"

गुरुजींनी पळी हातात घेतली. वडिलांच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि सवयीनं संकल्प म्हणू लागले. सवय छत्तीस वर्षांची. आजोबांचं नाव आलं आणि पाठोपाठ जीभ आपोआप वळली, "शस्त्रहत—"

"थांबा," आत्या म्हणाली.

गुरुजी थांबले. वडिलांच्या बोटांतून पाणी गळत होतं.

"त्यो शबूद काढा."

"काढला, काढला. चुकून आला," गुरुजी म्हणाले.

"आन् खरं काय झालतं ते घाला."

"अहो अक्का, आज कारण सांगावं लागत नाही. नाव, गोत्र, बास."

"इतकी वरसं खोटं कारन घातलं की, ते चाललं. आता येकदा खरं घाला. हगवणीला तुमच्यात काय म्हनत्यात?"

गुरुजींनी चुलत्याकडं बघितलं. चुलता पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. गुरुजी खाकरले. "अतिसार," ते म्हणाले.

"मग त्येच म्हना."

क्षणभर मला वाटलं, वडील उठून जातील. पण गुरुजींनी तोंड उघडायच्या आत, खाली बघतच, माझ्या भित्र्या वडिलांनी मोठ्यानं म्हटलं, "अतिसारानं." मराठीतच म्हटलं. मग गुरुजींनी ते संस्कृतात बसवलं आणि वडिलांनी पाणी सोडलं.

पंगत बसली. आमटी, खीर, वडे, आळूची भाजी. चुलता मान खाली घालून जेवत होता, पण हात चालत नव्हता. आत्या खिरीचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ती त्याला गणपतीतला हिशेब सांगणार.

"वाढू का?" ती म्हणाली.

चुलता म्हणाला, "वाढ की, अक्का." मग पानाकडं बघत म्हणाला, "आमच्या कोठारावर आसं मानूस पायजे हुतं बग."

"वाटी फुडं कर," आत्या म्हणाली.